खासदाराचं तिकीट मतदार कापतात तेव्हा

मे २०२४. डेट्रॉईटच्या ॲडम हॉलियर यांना अमेरिकी संसदेच्या निवडणुकीत उतरायचं होतं. मिशिगनच्या १३व्या मतदारसंघात डेमोक्रॅटिक पक्षाच्या मतपत्रिकेवर नाव यायला मतदारांच्या १,००० वैध सह्या लागतात. हॉलियर यांनी दीड हजारांहून जास्त सह्या जोडल्या होत्या. समोरच्या बाजूने हरकत आली, वेन काउंटीच्या (काउंटी म्हणजे साधारण जिल्हा) कार्यालयाने सह्या तपासायला घेतल्या आणि टिकल्या फक्त ८६३. अनेक ओळींतलं हस्ताक्षर एकसारखं दिसत होतं. प्रचार रंगायच्या आधीच हॉलियर छाननीत बाद झाले.

हरकत घेतली होती विद्यमान खासदाराच्या प्रचारपथकाने. आणि ते खासदार म्हणजे आपले श्री ठाणेदार. बेळगावात वाढलेले, मुंबई विद्यापीठात शिकलेले, १९७९ मध्ये अमेरिकेला गेलेले आणि आजही अस्खलित मराठी बोलणारे. ठाणेदार डेमोक्रॅट आणि हॉलियरही डेमोक्रॅट. एकाच पक्षाचे दोन जण एकाच जागेसाठी भांडतात, त्यातला एक आधीच खासदार आहे, आणि पक्ष त्यांच्यात निवाडा करत नाही. मराठी वाचक इथेच अडखळतो, म्हणून सुरुवात इथूनच करू.

आपल्याकडे तिकीट वरून येतं. लोकसभा असो की विधानसभा, इच्छुकांची रांग पक्षाच्या कार्यालयाबाहेर लागते, यादी दिल्लीत किंवा मुंबईत ठरते, आणि शेवटच्या क्षणी ज्याच्या हातात ए-बी फॉर्म पडतो तो उमेदवार. विद्यमान खासदाराचं तिकीट कापायचं तर तेही श्रेष्ठीच कापतात. अमेरिकेत ए-बी फॉर्म असा काही प्रकारच नाही. कुणाला पक्षाचा उमेदवार म्हणायचं हे त्या मतदारसंघातले मतदार प्रत्यक्ष मतदान करून ठरवतात. खऱ्या निवडणुकीच्या काही महिने आधी होणारं हे मतदान म्हणजे प्रायमरी. ती पक्षाची अंतर्गत बैठक नसते. बहुतेक ठिकाणी सरकारी यंत्रणाच ती घेते, सरकारी मतदान केंद्रांवर, सरकारी मतपत्रिकेवर.

हे पहिल्यापासून असं नव्हतं. एकोणिसाव्या शतकात तिथेही पक्षाचे ठेकेदार बंद खोलीत नावं ठरवत. त्याविरुद्ध सुधारकांनी चळवळ उभारली, १९०४ मध्ये विस्कॉन्सिनने राज्यभर प्रायमरीचा कायदा केला आणि पुढच्या काही दशकांत ही पद्धत बहुतेक राज्यांत पोचली. तिकीट वाटायचा अधिकार श्रेष्ठींच्या हातून काढून घेणं हाच त्यामागचा हेतू होता. लोकशाहीच्या इतिहासातल्या मोठ्या सुधारणांत मी ही गणतो.

(एक खुलासा: अमेरिकेच्या संसदेचं नाव काँग्रेस. तिच्या कनिष्ठ सभागृहाला हाऊस म्हणतात. तिथे ४३५ खासदार असतात आणि त्यांची मुदत फक्त दोन वर्षांची असते. म्हणजे दर दोन वर्षांनी प्रत्येक खासदाराला आधी प्रायमरी आणि मग नोव्हेंबरची मुख्य निवडणूक अशा दोन पायऱ्या चढाव्या लागतात.)

आता ही पहिली पायरी इतकी महत्त्वाची का, ते पाहू. अमेरिकेतले बहुसंख्य मतदारसंघ एकतर्फी आहेत. काही भागांत पिढ्यान्‌पिढ्या एकाच पक्षाचं वजन आहे, आणि काही ठिकाणी सीमा आखतानाच तशा आखल्या जातात. न्यूयॉर्क शहरातल्या बऱ्याच भागांत नोव्हेंबरमध्ये डेमोक्रॅट उमेदवार पडत नाही, वायोमिंगमध्ये रिपब्लिकन पडत नाही. अशा ठिकाणी नोव्हेंबरचं मतदान हा उपचार उरतो. खासदाराला जाब विचारायची एकच जागा राहते, ती म्हणजे प्रायमरी. आणि नेमकं तिथेच मतदार कमी येतात.

किती कमी, याचं उदाहरण न्यूयॉर्कच्या १४व्या मतदारसंघात मिळतं. क्वीन्स आणि ब्राँक्स या दोन भागांत तो पसरलेला आहे, लोकवस्ती सुमारे सात लाख. इथले खासदार जो क्राउली दहा वेळा निवडून आलेले, हाऊसमधल्या डेमोक्रॅट नेत्यांच्या पहिल्या फळीतले, शिवाय क्वीन्समधल्या पक्षसंघटनेचे अध्यक्ष. २००४ नंतर चौदा वर्षं प्रायमरीत त्यांच्यासमोर कुणी उभंच राहिलं नव्हतं. २०१८ मध्ये २८ वर्षांची एक तरुणी उभी राहिली. काही महिन्यांपूर्वीपर्यंत ती मॅनहॅटनमधल्या एका बारमध्ये काम करत होती. अलेक्झांड्रिया ओकासिओ-कॉर्टेझ.

न्यूयॉर्कची प्रायमरी बंदिस्त असते. ज्याने मतदार नोंदणीत ‘डेमोक्रॅट’ असं आधीच लिहून ठेवलंय त्यालाच डेमोक्रॅट प्रायमरीत मत देता येतं. त्या काळी आधीच नोंदलेल्या मतदाराला पक्ष बदलायचा तर आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्येच तो बदलावा लागे. म्हणजे जूनमधल्या मतदानासाठी आठ महिने आधी जागं व्हायचं. त्यातून त्या वर्षी राज्याची प्रायमरी सप्टेंबरमध्ये आणि संसदेची जूनमध्ये होती, त्यामुळे मतदारांचा गोंधळ वेगळाच. २६ जूनला मतदान झालं तेव्हा ओकासिओ-कॉर्टेझ यांना १६,८९८ मतं पडली. क्राउली यांना १३ हजारांहूनही कमी. सात लाखांच्या मतदारसंघाचा कौल तीस हजारांहून कमी लोकांनी दिला, आणि अंतर होतं चार हजारांचं. चार हजार मतं म्हणजे आपल्याकडे महापालिकेच्या प्रभागातसुद्धा फार मोठी आघाडी म्हणत नाहीत.

हा आकडा ध्यानात ठेवला की आव्हान देणाऱ्याचं सगळं गणित समजतं. सात लाख लोकांना पटवायचं नसतं. जे पंधरा-सतरा हजार लोक खरोखर घराबाहेर पडतील ते शोधायचे, त्यांच्या दारात जायचं, एकदा नाही तर तीन-चारदा, आणि मतदानाच्या दिवशी त्यांना आठवण करायची. मतदारयादी उमेदवारांना मिळते. कोण कोणत्या पक्षात नोंदलेला आहे आणि गेल्या कोणत्या निवडणुकांत तो मतदानाला गेला होता, हे तीत दिसतं (मत कुणाला दिलं हे अर्थातच दिसत नाही). या यादीवरून रोज संध्याकाळी कार्यकर्ते घरं वाटून घेतात. कुठल्या घरी दार उघडलं, काय बोलणं झालं, माणूस आपल्या बाजूचा की काठावरचा, याची नोंद लगेच मोबाईलवर होते. ओकासिओ-कॉर्टेझ यांच्याकडे क्राउलींच्या तुलनेत पैसा फारच थोडा होता. क्राउलींचा खर्च तीस लाख डॉलरच्या वर गेला. पण एका जाहीर चर्चेला त्यांनी आपल्या वतीने दुसऱ्याच नेत्या पाठवल्या आणि त्याची बरीच बोलवा झाली. नोव्हेंबरमध्ये ओकासिओ-कॉर्टेझ ७८ टक्के मतांनी निवडून आल्या. खरी लढत जूनमध्येच संपली होती.

अशी गोष्ट ऐकली की वाटतं, हे तर सोपं आहे. तसं अजिबात नाही. त्या २०१८ मध्ये हाऊसचे फक्त चार विद्यमान खासदार प्रायमरीत हरले. २०२४ मध्येही चारच, आणि त्यातल्या एका जागी तर मतदारसंघाच्या सीमा बदलल्यामुळे दोन विद्यमान खासदारच एकमेकांसमोर आले होते, म्हणजे एकाला हरणं भागच होतं. ४३५ पैकी चार.

विद्यमान खासदार इतका भक्कम का असतो? पहिलं कारण साधं आहे. त्याचं नाव लोकांना माहीत असतं, आणि प्रायमरीत दोन्ही उमेदवार एकाच पक्षाचे असल्याने पक्षाच्या नावावरून मतदाराला काहीच ठरवता येत नाही. दुसरं कारण बाहेरून कमी दिसतं. खासदाराच्या मतदारसंघातल्या कार्यालयात पगारी कर्मचारी असतात. कुणाचा पासपोर्ट अडकला, कुणाच्या आईच्या व्हिसाचं काम रखडलं, कुणा निवृत्त सैनिकाची पेन्शन थांबली की हे लोक संबंधित खात्याकडे पाठपुरावा करतात. ते काम चांगलंच आहे, व्हायलाच हवं. पण ज्याचं काम झालं ते घर दोन वर्षांनी कुणाला मत देईल हे सांगायला नको. सरकारी खर्चाने मतदारांना पत्रं पाठवायची सवलतही खासदाराला असते. निवडणुकीच्या अगदी तोंडावर मात्र घाऊक पत्रांना बंदी असते.

आणि पक्षयंत्रणा? ती कागदोपत्री तटस्थ, पण मनाने विद्यमान खासदाराच्या बाजूची. २०१९ मध्ये हाऊसमधल्या डेमोक्रॅट्सच्या प्रचार समितीने जाहीरच करून टाकलं की आमच्या विद्यमान खासदारांविरुद्ध लढणाऱ्यांचं काम जी सल्लागार किंवा सर्वेक्षण कंपनी घेईल तिला आमचं काम मिळणार नाही. म्हणजे तिकीट कापता येत नाही, तर निदान आव्हान देणाऱ्याची रसद तोडू. तरुण कार्यकर्त्यांनी यावर रान उठवलं आणि दोन वर्षांनी, २०२१ मध्ये, समितीने हा नियम मागे घेतला. माझ्या मते तो नियम लाजिरवाणा होता. ज्या अधिकारासाठी शंभर वर्षांपूर्वी लोक भांडले, तोच मागच्या दाराने काढून घेण्याचा तो प्रकार होता.

तरीही दिग्गज पडतात. कशाने पडतात?

बहुतेक वेळा मतदारसंघाकडे पाठ फिरवल्याने. २०१४ मध्ये व्हर्जिनियात एरिक कँटर हरले. ते हाऊसमधल्या रिपब्लिकन बहुमताचे नेते होते, पुढचे सभापती म्हणून त्यांच्याकडे पाहिलं जात होतं. त्यांच्याच सर्वेक्षणात ते तीस टक्क्यांहून जास्त आघाडीवर होते. त्यांना हरवलं डेव्ह ब्रॅट नावाच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने, सुमारे ५५ टक्के मतं घेऊन. कँटर यांचा खर्च पन्नास लाख डॉलरच्या पुढे, ब्रॅट यांच्या हातात दोन लाखांच्या आसपास. कँटर यांच्या प्रचाराने नुसत्या स्टेकहाउसमधल्या जेवणावळींवर ब्रॅट यांच्या सगळ्या प्रचाराइतका खर्च केल्याचं हिशेबातून बाहेर आलं. हे कळू शकलं, कारण अमेरिकेत उमेदवाराचा प्रत्येक मोठा खर्च आणि प्रत्येक मोठी देणगी निवडणूक आयोगाकडे दाखल करावी लागते आणि ती कुणालाही घरबसल्या पाहता येते.

२०२० मध्ये ब्राँक्समध्ये तर एका वाक्याने घात केला. १९८९ पासून खासदार असलेले एलियट एंगल एका पत्रकार परिषदेत बोलायची संधी मागत होते. माईक चालू आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही. प्रायमरी नसती तर मला याची काही पडली नसती, असं ते बोलून गेले, आणि दोनदा बोलले. तीन आठवड्यांनी जमाल बोमन या शाळेच्या मुख्याध्यापकाने त्यांना हरवलं.

पण तेच बोमन चार वर्षांनी, २०२४ मध्ये, स्वतः विद्यमान खासदार असताना प्रायमरीत हरले. गाझा युद्धावरच्या त्यांच्या भूमिकेमुळे इस्रायलसमर्थक गटाच्या सुपर पॅकने त्यांच्याविरुद्ध एकट्याने १.४ कोटी डॉलरहून अधिक ओतले. हाऊसची ती तोवरची सर्वात महागडी प्रायमरी ठरली. इथे पैशाचं तंत्र समजून घ्यायला हवं. एका व्यक्तीला एका उमेदवाराला एका निवडणुकीसाठी ठरावीक रकमेपर्यंतच देणगी देता येते. २०२५-२६ साठी ती मर्यादा ३,५०० डॉलर आहे, प्रायमरी आणि मुख्य निवडणूक वेगळी धरून. कंपनीला उमेदवाराला थेट पैसे देता येत नाहीत. पण २०१० मधल्या न्यायालयीन निकालांनंतर सुपर पॅक नावाच्या संस्था निघाल्या. त्यांनी उमेदवाराशी संगनमत करायचं नाही, एवढी अट पाळली की त्या अमर्याद पैसा घेऊ आणि खर्चू शकतात. प्रायमरीत मतदार थोडे असल्यामुळे जाहिरातींचा हा मारा मुख्य निवडणुकीपेक्षा जास्त लागू पडतो. म्हणजे कमी मतदानाचा फायदा दारोदार फिरणाऱ्या तरुणीला होतो, तसाच धनाढ्य संस्थेलाही होतो. मला याची काळजी वाटते, कारण पहिल्या प्रकाराला माणसं लागतात, दुसऱ्याला नुसता चेक पुरतो.

राष्ट्रीय नेत्याचा रोष हे तिसरं कारण. आपल्याकडे व्हिप मोडला तर पक्षांतरबंदी कायद्याने खासदारकी जाऊ शकते. अमेरिकेत तसा कायदा नाही. खासदार पक्षाविरुद्ध खुशाल मत देतो. शिक्षा होते ती प्रायमरीत. जानेवारी २०२१ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर महाभियोग चालवावा असं मत हाऊसमधल्या दहा रिपब्लिकनांनी दिलं. त्यातल्या चौघांनी पुढची निवडणूकच लढवली नाही. चार जण प्रायमरीत पडले. त्यांत माजी उपराष्ट्राध्यक्षांच्या कन्या लिझ चेनी होत्या, ज्यांना वायोमिंगमध्ये जेमतेम २९ टक्के मतं मिळाली. उरले फक्त दोन, एक कॅलिफोर्नियाचे आणि एक वॉशिंग्टन राज्याचे. या दोन्ही राज्यांत प्रायमरी सगळ्या पक्षांची एकत्र होते आणि पहिले दोन उमेदवार पुढे जातात, त्यामुळे पक्षाच्या कडव्या मतदारांची पकड सैल पडते. नियम बदलला की निकाल बदलू शकतो, हे यातून दिसतं. हमी मात्र नाही. पडलेल्या चौघांत एक वॉशिंग्टनच्याच होत्या.

नियमांबाबत एवढंच सांगतो की ते राज्यागणिक वेगळे आहेत आणि आव्हान देणाऱ्याने पहिले काही आठवडे वकिलाबरोबर घालवावेत. खासदार व्हायला राज्यघटनेने तीनच अटी घातल्यात: वय २५, सात वर्षांचं नागरिकत्व आणि त्या राज्यात वास्तव्य. जन्म कुठे झाला याने फरक पडत नाही, म्हणूनच ठाणेदार खासदार होऊ शकले. पाच हजार डॉलरहून जास्त जमले किंवा खर्च झाले की निवडणूक आयोगाकडे नोंदणी करायची. त्यानंतर सह्या, शुल्क, अंतिम तारखा हे सगळं राज्य ठरवतं. टेक्साससारख्या राज्यात कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत पुन्हा मतदान होतं. २०२२ मध्ये जेसिका सिस्नेरोस अशाच दुसऱ्या फेरीत खासदार हेन्री क्वेयार यांच्याकडून फक्त २८९ मतांनी हरल्या. आणि आपल्याकडे तिकीट नाकारल्यावर बंडखोरी करून अपक्ष अर्ज भरतात, तसं तिथे बहुतेक राज्यांत करता येत नाही. प्रायमरी हरलेल्याचं नाव त्याच निवडणुकीत अपक्ष म्हणून छापायला कायद्यानेच मनाई आहे.

मिशिगनमध्ये दुसरी फेरी नसते. ज्याला सर्वाधिक मतं तो जिंकला, मग ती कितीही असोत. म्हणून पुन्हा ठाणेदारांकडे येऊ. २०२२ मध्ये ही जागा मोकळी होती आणि डेमोक्रॅट प्रायमरीत नऊ उमेदवार उतरले. ठाणेदारांनी स्वतःचा भरपूर पैसा लावला आणि सुमारे २८ टक्के मतांवर जिंकले. दुसऱ्या क्रमांकावर हॉलियरच होते. डेट्रॉईट हे कृष्णवर्णीय बहुसंख्येचं शहर. ठाणेदार जिंकल्याने जवळजवळ सत्तर वर्षांत प्रथमच या शहराला संसदेत कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही. शहरातल्या अनेक नेत्यांच्या मनात हे सलतं, आणि ते सलणं समजण्यासारखं आहे. ठाणेदार आपले म्हणून आपल्याला आनंद होतो तो खरा, पण त्या शहराच्या बाजूनेही हा निकाल पाहायला हवा. दर खेपेला त्यांना प्रायमरीत आव्हान मिळतं त्याचं मूळ इथे आहे. २०२४ मध्ये हॉलियर बाद झाल्यावरही ठाणेदारांना मतं पडली निम्म्याहून थोडीच जास्त. २०२५ मध्ये राज्याच्या विधानसभेतले डोनव्हन मॅककिनी यांनी २०२६ च्या प्रायमरीत त्यांच्याविरुद्ध लढण्याची घोषणा केली. ओकासिओ-कॉर्टेझ यांना उभं करणारी जस्टिस डेमोक्रॅट्स ही संघटनाच मॅककिनी यांच्या पाठीशी उभी राहिली. अशा ठिकाणी आव्हान देणाऱ्यांचा सर्वात मोठा शत्रू म्हणजे दुसरा आव्हान देणारा. विरोधी मतं दोघांत फुटली की विद्यमान खासदार निवांत. त्यामुळे अर्ज भरायच्या आधीच कोण थांबणार आणि कोण लढणार याच्या वाटाघाटी पडद्याआड चालू असतात.

पहिल्याच खेपेला जिंकायला हवं असंही नाही. इलिनॉयमध्ये मरी न्यूमन २०१८ मध्ये दोन-अडीच टक्क्यांनी हरल्या, त्याच खासदाराला त्यांनी २०२० मध्ये हरवलं. मिसूरीत कोरी बुश यांचंही तसंच झालं. पहिल्या लढतीत नाव होतं, याद्या तयार होतात, देणगीदार ओळखीचे होतात. त्यातून खासदारही सावध होतो आणि मतदारसंघात जास्त दिसू लागतो, हा फायदा तर हरल्यावरही मिळतो.

एडिसन, जर्सी सिटी, फ्रीमाँट, डलास इथल्या मराठी मंडळींसाठी थोडं व्यवहाराचं. आपल्यातले बरेच जण नागरिक झाल्यावर नोव्हेंबरमध्ये मत देतात आणि प्रायमरी सोडून देतात, तीही एकतर्फी मतदारसंघात राहून. न्यू जर्सीत तर कित्येक वर्षं काउंटीच्या पक्षसंघटनेने पसंत केलेल्या उमेदवारांची नावं मतपत्रिकेवर एका रांगेत, ठळक जागी छापली जात, आणि बाकीचे कुठेतरी कोपऱ्यात. २०२४ मध्ये तेव्हाचे हाऊस खासदार अँडी किम यांनी त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली, डेमोक्रॅट प्रायमरीपुरती ती मांडणी थांबली, आणि आता मतपत्रिकेची रचना पदानुसार होते. म्हणजे तुमचं मत आता पूर्वीपेक्षा जास्त मोलाचं आहे. न्यू जर्सीत कोणत्याच पक्षात नोंद नसलेल्या मतदाराला प्रायमरीच्या दिवशी केंद्रावरच पक्ष निवडता येतो. नदीपलीकडे न्यूयॉर्कमध्ये मात्र पक्षाची नोंद आधीच असावी लागते. आपल्या राज्याच्या निवडणूक विभागाच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की नोंद कशी आहे ते दिसतं. ग्रीन कार्डवाल्यांना मत देता येत नाही, पण देणगी देता येते. एच-वन-बी व्हिसावर असाल तर देणगी अजिबात देऊ नका, तो गुन्हा आहे. पण कोणताही मोबदला न घेता कार्यकर्ता म्हणून फोन करायला, दारोदार फिरायला कायद्याची आडकाठी नाही.